तीन नवरे लिहिताना

एका नायिकेचे तीन नवरे असलेल्या तुमच्या प्रणयकादंबरीची पहिली काही प्रकरणं वाचली. धिटाईने लिहिलंय, आवडलं. पण तिन्ही नवरे एकाच साच्यातले: उंच, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. नावं झाकली तर कोण कोणता ते कळत नाही. भांडणानंतर एकजण दार आपटतो, दुसरा मुकाट्याने भांडी घासत बसतो, तिसरा थट्टेवारी नेतो, एवढ्यानेही माणसं वेगळी होतात.

प्रणयप्रसंगात दोघं-तिघं एकत्र आले की 'त्याने', 'त्याचा' यांचा पार गोंधळ उडतो. तिथे बिनधास्त नावं वापरा, पुनरुक्ती खपते. कुणाचा हात कुठे आहे हे आधी कागदावर मांडून घ्या. हसू येईल, पण एखाद्याला तिसरा हात फुटणार नाही.

मत्सर मात्र गाळू नका. सगळेच समजूतदार निघाले तर पुढे वाचायचं कशाला? आज ती कुणाच्या खोलीत, हे कोण ठरवतं? मूल झालं तर? खरी धग तिथेच आहे.

एक नायिका आणि तिचे अनेक जोडीदार, अशा प्रणयकथांना इंग्रजीत 'व्हाय चूज' (निवडायचं कशाला?) म्हणतात. शेवटी ती एकालाच निवडणार नाही, या भरवशावर वाचक येतो. तेव्हा शेवटच्या प्रकरणात दोघांना अपघातात मारू नका, शिव्या खाल.