फेरारी गाड्या कमीच विकणार आहे. तुम्ही तिचे शेअर आणखी घ्यावेत का?

एका वाचकाच्या एकूण बचतीपैकी साधारण एक तृतीयांश रक्कम फेरारीच्या शेअरमध्ये आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो शेअर एका दिवसात कोसळला. आता त्यांची एक मुदत ठेव संपते आहे आणि ते पैसे घालून पडत्या भावात आणखी शेअर घ्यावेत आणि खरेदीच्या भावाची सरासरी खाली आणावी, असं त्यांच्या मनात आहे. मुलीच्या उच्चशिक्षणाला तीन वर्षं उरली आहेत. ते लिहितात की गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायला तयार आहेत, त्यामुळे कंपनीनं उत्पादन वाढवायचा अवकाश, नफा दुप्पट होईल.

ठेवीचे पैसे यात घालू नका, आणि आहे तो हिस्साही टप्प्याटप्प्यानं कमी करा. कंपनी उत्तम आहे असं तुमच्याइतकंच मलाही वाटतं. पण ज्या वाढीची तुम्ही वाट पाहताय, ती कंपनी मुद्दाम करणार नाही, आणि तिनं ती करू नये यातच तुमचं हित आहे.

हा वाद मारानेल्लोत, म्हणजे फेरारीच्या इटलीतल्या मुख्यालयात, जुना आहे. २०१३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष लुका दी मोन्तेझेमोलो यांनी वर्षाला ७,००० च्या आतच गाड्या विकायच्या, असं ठरवलं आणि त्या वर्षी ६,९२२ गाड्या दिल्या. पुढच्याच वर्षी ते गेले आणि सूत्रं सर्जिओ मार्किओने यांच्याकडे आली. २०१५ मध्ये शेअर ५२ डॉलरनं न्यूयॉर्कच्या बाजारात आला. २०१९ मध्ये विक्रीनं दहा हजारांचा आकडा ओलांडला, २०२२ मध्ये ती १३,२२१ झाली. म्हणजे तुम्हाला हवी असलेली उत्पादनातली वाढ, अगदी दुपटीच्या जवळ जाणारी, आधीच घडून गेलीय.

त्यानंतर कंपनीनं हात आखडता घेतला. २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या गेल्या, म्हणजे दोन वर्षांत फक्त चार टक्के वाढ. त्याच काळात महसूल मात्र ५.१ अब्ज युरोंवरून ६.७ अब्जांवर गेला, सुमारे ३१ टक्के जास्त. हा फरक महागड्या मॉडेलांतून आला, आणि ग्राहकाच्या हौसेप्रमाणे रंग, चामडं, कार्बन फायबर बसवून देण्यातून आला. गाड्यांच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा या सजावटीचाच असतो. पुरोसांग्वे हे चार दारांचं मॉडेल आणलं तेव्हाही तिचा वाटा विक्रीच्या २० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, असं कंपनीनं आधीच जाहीर केलं.

एवढा हात राखून का? कारण घेणाऱ्याला ठाऊक असतं की उद्या विकायला काढली तरी गाडीचा भाव टिकेल. म्हणून तो सजावटीवर सढळ हातानं खर्च करतो. गाडी सहज मिळू लागली की वापरलेल्या गाड्यांचे भाव उतरतात, मग हौस आटते आणि शेवटी प्रतीक्षायादीही. ॲस्टन मार्टिन या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीचा शेअर २०१८ मध्ये १९ पौंडांनी बाजारात आला; पुढच्याच वर्षी विक्रेत्यांकडे गाड्या तुंबल्या आणि २०२० च्या सुरुवातीला नव्या गुंतवणूकदारांना धावून यावं लागलं. पोर्शेनं दुसरी वाट धरली, वर्षाला तीन लाखांवर गाड्या विकल्या. त्यात चूक काही नाही, पण चीनमधली मागणी आटल्यावर झळही तेवढीच मोठी बसली. २०२५ मध्ये तिला नफ्याचा अंदाज पुन्हापुन्हा खाली आणावा लागला.

आता त्या घसरणीकडे बघू. ९ ऑक्टोबर २०२५ ला फेरारीनं सांगितलं की २०३० मध्ये महसूल सुमारे ९ अब्ज युरो असेल. २०२५ च्या महसुलाच्या अंदाजावरून हिशेब केला तर ही वर्षाला जेमतेम पाच टक्के वाढ होते. शेअर सुमारे १५ टक्के पडला. बाजारात आल्यापासूनची ती एका दिवसातली सर्वांत मोठी पडझड होती. गाड्यांची मागणी होती तशीच होती. पण घसरणीआधी शेअरचा भाव आदल्या वर्षीच्या दर शेअरमागच्या नफ्याच्या चाळीसपटींहून जास्त होता, म्हणजे कंपनीच्या संयमाची किंमत आणि वर वेगवान वाढ, दोन्ही भावात आधीच धरलं होतं. इथे सरासरी खाली आणायची तर जुनी अपेक्षा पुन्हा खरी होईल असं मानावं लागतं. कंपनी स्वतःच तसं म्हणत नाहीये.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची घटना मात्र त्याआधीची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेरारीची सर्वांत मोठी भागधारक असलेल्या, इटलीतल्या अन्येल्ली कुटुंबाच्या एक्सॉर या गुंतवणूक कंपनीनं फेरारीचा सुमारे चार टक्के हिस्सा तीन अब्ज युरोंना विकला. एक्सॉरच्या एकूण गुंतवणुकीत फेरारीचा वाटा जवळपास निम्मा झाला होता, तो त्यांना कमी करायचा होता. ते आजही सर्वांत मोठे भागधारक आहेत, कंपनीवरचा त्यांचा विश्वासही उडालेला नाही. ज्यांना फेरारी आतून माहीत आहे, त्यांनाही एकाच टोपलीत एवढं नको वाटलं.

मुलीच्या शिक्षणाला लागणारी रक्कम आधी बाजूला काढा. ती ठेवीतून पुरत नसेल तर उरलेली शेअर विकून पूर्ण करा आणि तीन वर्षं सुरक्षित ठेवा. फी कोणत्या चलनात भरायची तेही लक्षात घ्या. मग पुढच्या वर्षभरात चार हप्त्यांत विकून फेरारीचा वाटा एकूण बचतीच्या दहा टक्क्यांवर आणा. दहा हा आकडा काही नियम नाही, पण शेअर निम्मा झाला तरी घरातलं काही अडणार नाही, असा माझा अंदाज आहे. सुटलेले पैसे विविध देशांच्या इंडेक्स फंडांत, म्हणजे एका कंपनीऐवजी बाजार निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या फंडांत टाका. प्रत्येक हप्त्याआधी भांडवली नफ्यावरचा कर तुमच्या कर सल्लागाराकडून तपासून घ्या.

उरलेल्या दहा टक्क्यांसाठी वर्षातून एकदा दोनच गोष्टी पाहा: गाड्यांची संख्या महसुलापेक्षा वेगानं वाढतेय का, आणि वापरलेल्या फेरारींचे भाव सलग उतरतायत का. दोन्ही एकदम दिसू लागलं, तर तेही विकायला काढा.