नेमलेली कादंबरी पुन्हा वाचताना

प्रिय,

अ. उ. आशीर्वाद.

शाळेत नेमलेली कादंबरी नकोशी झाली, म्हणून अभिजात कादंबऱ्यांची वाट सोडू नकोस. तिथे आठवड्याला एखादं प्रकरण, तेही प्रश्नोत्तरांसाठी वाचतात. मधल्या दिवसांत पात्रं विसरतात आणि सारांश आधीच कळल्याने उत्सुकता संपते.

आता पहिली 50-60 पानं एका दिवसात, फार तर दोन बैठकांत वाच. एकोणिसाव्या शतकातले लेखक घराणी, नाती, कर्जं, वारसा हे आधी मांडून घेतात. ते तुकड्यांनी वाचलं की कंटाळाच येतो. पुढे रोज 20 पानं पुरेत, पण खाडा नको.

रशियन कादंबरीत नावं छळतात. 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला रस्कोल्निकोव्ह कधी रोदिओन रोमानोविच असतो, तर आईचा रोद्या. खुणेच्या कागदावरच एका माणसाची सगळी नावं एका ओळीत लिहून ठेव. ही कादंबरी 1866मध्ये मासिकातून क्रमशः आली. तिचे सहा भाग आणि उपसंहार आहेत. मोठी विश्रांती भाग संपल्यावरच घे.

प्रस्तावना शेवटी वाच, कारण तिथे बहुधा शेवट फोडलेला असतो. अनुवाद घेताना आतल्या पानावर 'संक्षिप्त' लिहिलंय का ते बघ. दोन अनुवाद मिळाले तर एकच संवाद दोन्हींत वाचून बघ. माणसं बोलल्यासारखी वाटतात तो घे.

पानं गाळू नयेत असं कुणी सांगेल. मला ते पटत नाही, पण गाळायचं ते बघून गाळावं. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या फ्रेंच कादंबरीच्या दुसऱ्या भागात वॉटर्लूच्या लढाईवर सलग 19 प्रकरणं आहेत. पहिल्या वाचनात त्यांतली बरीचशी नुसती चाळलीस तरी कथा कळते. एकोणिसावं मात्र सोडू नकोस. रात्री रणांगणावर प्रेतं लुटणारा माणूस तिथे भेटतो, आणि त्या रात्रीचा गैरसमज पुढे एका तरुणाला मोठ्या पेचात टाकतो. म्हणून लांब वर्णनाचा शेवटचा भाग नेहमी नीट वाचावा. कथेचा सांधा बहुधा तिथेच असतो.

पाव पुस्तक वाचूनही मन लागलं नाही, तर खुशाल मिटून ठेव. पानावर पेन्सिलने तारीख घाल आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू कर.

सुरुवातीला तुर्गेनेव्हची 'फादर्स अँड सन्स' घे. 28 आटोपशीर प्रकरणं आहेत, आणि त्यातला वाद तुझ्याच वयाच्या मुलांचा आहे. वाचून झाली की तिचा नायक बझारोव्ह याच्याबद्दल काय वाटलं ते कळव.