खाजगी, खासगी आणि भलत्या जागची गोपनीयता

प्रश्न असा: सभेत पुढाऱ्याला अडचणीचा सवाल करणाऱ्या एका माणसाचा पत्ता आणि फोन नंबर लोकांनी मोबाइलवर फिरवला. त्या बातमीत ‘खाजगी माहिती उघड, गोपनीयतेचा भंग’ असं छापून आलं. यात ‘खाजगी’ बरोबर की ‘खासगी’?

दोन्ही चालतात. मूळ ‘खासगी’, पुढे ‘ग’ असल्यामुळे बोलताना ‘स’चा ‘ज’ झाला. ‘खाजगी’वर लाल शाई ओतणाऱ्या शुद्धलेखनवाल्यांनी मग ‘कागद’ही सोडावा आणि मुळाला धरून ‘कागज’ लिहावं.

मला खुपतो तो त्याच वाक्यातला दुसरा शब्द. गोपनीयता! मंत्री शपथ घेतात ती पदाची आणि गोपनीयतेची. म्हणजे सरकारी गुपितं फोडणार नाही, अशी. गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगं. सामान्य माणसाच्या पत्त्यात लपवण्याजोगं काय असतं? तो पोस्टमनला, दूधवाल्याला, समोरच्या काकूंना, सगळ्यांना ठाऊक असतो. मार्च २०२० मध्ये लखनौच्या रस्त्यांवर प्रशासनाने मोठे फलक लावले. नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलनात नासधूस केल्याचा आरोप असलेल्यांची नावं, फोटो आणि पत्ते त्यांवर होते. आरोप, बरं का. कोर्टात काहीही शाबीत झालेलं नव्हतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, रविवारी सुनावणी केली आणि ९ मार्चला फलक उतरवण्याचा हुकूम दिला. त्या फलकांवर गुपित एकही नव्हतं. तरीही प्रायव्हसीवर घाला पडलाच, असं न्यायालय म्हणालं. याला गोपनीयतेचा भंग म्हणणारा संपादक शब्दाचा अर्थ न बघता शब्द वापरतो.

काही संस्कृतज्ञ इथे हटकतात: ‘गुप्’ म्हणजे राखणं, रक्षण करणं, मग गोपनीयता का नको? अहो, त्याच ‘गुप्’पासून ‘जुगुप्सा’ही आली. ती रक्षणाच्या अर्थाने वापरून दाखवा.

आता ‘खासगी’कडे या, खरी गंमत इथे आहे. अरबी ‘खास’ म्हणजे विशेष, निवडक, आणि त्याच्या उलट ‘आम’. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आम वेगळा, दिवाण-ए-खास वेगळा. संभाजीनगरच्या आमखास मैदानाच्या नावात दोघे शेजारी बसलेत. फारसीने ‘गी’ जोडला आणि दरबारात ‘खासगी’चा अर्थ झाला खुद्द धन्याची किंवा त्याच्या घराण्याची स्वतंत्र मिळकत. होळकरांकडे दौलत निराळी आणि खासगी निराळी. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर मिळाली, आणि अहिल्याबाईंनी देशभर घाट नि देवळं बांधली ती याच खासगीतून, राज्याच्या तिजोरीतून नव्हे.

म्हणजे ज्याच्यापाशी ‘खास’ होतं त्यालाच खासगी होती. आम माणसाची खासगी हा मुळात वदतोव्याघात! माझं तर ठाम मत आहे की २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवून एकमुखाने जे केलं, ते हेच: आम माणसालाही खासगी बहाल केली. व्युत्पत्तीने एवढा आनंद क्वचितच मिळतो. आणि आपली वृत्तपत्रं त्या दिवशी काय लिहीत बसली? ‘गोपनीयतेचा अधिकार’.

शिवाय खासगीत मालकी आहे, लपवाछपवी नाही. अमेरिकेत २००८ साली ओहायोतल्या एका प्लंबरने ओबामांना करांबद्दल भर रस्त्यात एक प्रश्न विचारला. अध्यक्षपदाच्या पुढच्याच वादचर्चेत ‘जो द प्लंबर’चं नाव पुन्हापुन्हा निघालं. लगोलग राज्याच्या एका खात्याने सरकारी नोंदींत त्याच्याबद्दल शोध घ्यायला सुरुवात केली: मुलाच्या पोटगीचे पैसे भरतो का, सरकारी मदत घेतो का. राज्याच्याच महानिरीक्षकांनी पुढे ठरवलं की या शोधाला रास्त कारण नव्हतं. खातेप्रमुख बाईंना महिनाभर बिनपगारी निलंबित केलं आणि नंतर त्यांनी राजीनामा दिला. नोंदीत काय सापडलं, हा मुद्दाच नव्हता. त्याच्या खासगीत हात घातला, एवढं पुरे.

‘पण तो आता सार्वजनिक व्यक्ती झाला ना?’ असं वाहिन्यांवरचे लोक विचारतात. सार्वजनिक काय ते शौचालय, नाहीतर गणेशोत्सव. एक प्रश्न विचारल्याने माणूस सार्वजनिक होत नाही. बातमीत ‘खासगीपणावर घाला’ लिहा. प्रायव्हसीला ‘एकांताचा हक्क’ असा शब्द सुचवणारी एक मंडळी आहेत, त्यांच्याशी वेगळं भांडायचं आहे.