माझ्या कार्टमध्ये कुणाचा बंब?

प्रश्न : तांबट आळीतल्या कारागिरांकडून तांब्या-पितळेची भांडी घेऊन आम्ही ती वेबसाइटवर विकतो. वर्डप्रेस, त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स, साधारण १८० वस्तू, साधं शेअर्ड होस्टिंग, सर्व्हर अमेरिकेत. पान उघडायला सहा-सात सेकंद लागतात. होस्टिंगवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या, भाचा म्हणतो रेडिस बसवू. त्यानेच दोन कॅशे प्लगइन टाकलेत आणि सीडीएनवर 'सगळं साठव' असा नियम लावलाय. गेल्या आठवड्यात औंधच्या एका बाईंचा फोन आला, की त्यांनी काहीच निवडलं नसताना कार्टमध्ये बंब दिसतोय! दिवाळी दीड महिन्यावर आली. नेमकं काय बसवू?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : आधी तो बंब. बाकीचं सावकाश होईल, हे मात्र आज रात्रीच करा. कुणीतरी बंब कार्टमध्ये टाकला, त्याचं कार्टचं पान सीडीएनने (म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून जवळून देणाऱ्या सेवेने) जसंच्या तसं उचलून ठेवलं आणि पुढे औंधच्या बाईंना वाढलं. आज बंब दिसला, उद्या 'माझं खातं'मधला कुणाचा तरी पत्ता आणि फोन नंबर दिसेल. भाच्याचा नियम काढा आणि सीडीएनचा साठा एकदा पूर्ण रिकामा करा. नुसता नियम काढून भागत नाही, साठवलेली पानं मुदत संपेपर्यंत तिथेच पडून राहू शकतात. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा आपणहून एचटीएमएल पानं साठवत नाही; फोटो आणि सीएसएस, जावास्क्रिप्ट अशा सगळ्यांना सारख्याच असणाऱ्या फायली साठवते. ते उगीच नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. (बोलताना सगळे 'कॅश'च म्हणतात, पण छापलं की रोकड वाटते, म्हणून इथे कॅशे.) कॅशे म्हणजे आधीच तयार करून ठेवलेला साठा. त्याचे प्रकार मला मिसळीवरूनच नीट सांगता येतात. उसळ आणि कट सकाळीच तयार असतो, गिऱ्हाईक आलं की ताटली लावायची. रेडिस म्हणजे तो सकाळचा कट: डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मेमरीत तयार. पण ताटली प्रत्येकासाठी पीएचपीलाच, म्हणजे सर्व्हरवर पान जुळवणाऱ्या वर्डप्रेसच्या कोडलाच, लावावी लागते. पेज कॅशे म्हणजे बांधून ठेवलेलं पार्सल. आलं गिऱ्हाईक, दिलं हातात. पीएचपी नाही, डेटाबेस नाही. तुमच्यासारख्या दुकानाला सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो, म्हणून भाच्याला म्हणावं, रेडिस नंतर. आणि पार्सलमध्ये फरसाण वेगळ्या पुडीत देतात ना, नाहीतर मऊ पडतं? तसा कोपऱ्यातला कार्टचा आकडा वूकॉमर्सला पानात न भरता मागाहून मागवता येतो. कार्ट, चेकआउट आणि माझं खातं, ही तीन पानं मात्र कधीच पार्सल करायची नाहीत.

दोन प्लगइन कशाला? वर्डप्रेसमध्ये पेज कॅशेसाठी 'अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे' नावाच्या एकाच फायलीची जागा असते, दोघं तिथे बसायला भांडतात. एक काढा. कुठलं ठेवायचं हे सर्व्हरवर कुठलं सॉफ्टवेअर आहे त्यावर ठरतं. होस्टिंगवाल्यांना विचारा, लाइटस्पीड आहे की अपाची? लाइटस्पीड असेल तर लाइटस्पीड कॅशे घ्या, ते त्या सर्व्हरच्या आतलाच साठा वापरतं. अपाची असेल तर डब्ल्यूपी सुपर कॅशे. बटणं कमी आहेत, म्हणूनच मला आवडतं. साठ्याची मुदत दहा तासांच्या आत ठेवा. वर्डप्रेस फॉर्ममध्ये जो गुप्त शिक्का घालतं तो १२ ते २४ तासच चालतो. पान त्याहून शिळं झालं की संपर्काचा फॉर्म मुकाट्याने नापास होतो आणि तुम्हाला वाटतं चौकशीच येत नाही.

दिवाळीत तुम्ही फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करणारच. तिथून येणाऱ्या प्रत्येक क्लिकच्या पत्त्याला 'एफबीसीएलआयडी' असं लांबलचक शेपूट असतं, प्रत्येकाचं वेगळं. कॅशेला तो दर वेळी नवाच पत्ता वाटतो. म्हणजे पैसे देऊन आणलेलं गिऱ्हाईक नेमकं संथ रांगेत! ही शेपटं दुर्लक्षायची सोय प्लगइनच्या सेटिंगमध्ये असते, ती शोधा. मी ज्या दुकानांच्या साइट बघते त्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त राहून गेलेली असते.

ब्राउझर कॅशे म्हणजे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या फोनमधला साठा. फोटो, फॉन्ट, सीएसएस यांना खुशाल एक वर्षाची मुदत द्या, म्हणजे ३१५३६००० सेकंद. पण पानांना नाही. हे मी एकदा करून बसले आहे. एका क्लासच्या साइटवर घाईत सगळ्यालाच वर्षाची मुदत लागली, त्यात बॅचच्या वेळांचं पानही गेलं. वेळा बदलल्या, सर्व्हरवर नव्या, पालकांच्या फोनमध्ये जुन्या. सकाळी सातला पोरं दारात आणि दाराला कुलूप. सर्व्हरवरचा साठा आपण पुसू शकतो, लोकांच्या फोनमधला परत बोलावता येत नाही. शेवटी पानाचा पत्ताच बदलून नवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

मोठ्या प्लॅनचे पैसे वाचवा आणि सर्व्हर मुंबईत हलवा. पुण्याहून अमेरिकेला एक फेरी म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या वर, आणि सुरक्षित जोडणीत पानाचा पहिला बाइट येईपर्यंत सहसा तीन फेऱ्या होतात. सीडीएनने फोटो जवळून मिळतील, पण कार्ट आणि चेकआउट प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरलाच गाठणार. तुमची बहुतेक गिऱ्हाइकं पुणे-मुंबईची असतील, तर भांडी कसब्यात आणि गल्ला अमेरिकेत, हे कशासाठी?

फोटो तुम्ही फोनवर काढून तसेच चढवता ना? मग तीन-चार एमबीचा एकेक असेल. पहिल्यांदा येणाऱ्याला कुठलाच ब्राउझर कॅशे वाचवत नाही. १२०० पिक्सेल रुंदी, वेबपी हा हलका फोटो-प्रकार, बास.

एवढं झाल्यावरही चेकआउट रेंगाळला, किंवा ऑर्डरींची यादी उघडताना तुमचाच चहा गार झाला, तर रेडिस. पेज कॅशे जिथे पोचत नाही तिथेच त्याचा उपयोग. वर्डप्रेसचा स्वतःचा ऑब्जेक्ट कॅशे, म्हणजे डेटाबेसच्या उत्तरांचा साठा, एका विनंतीपुरताच जगतो, रेडिसमुळे तो पुढच्या विनंतीलाही उरतो. शेअर्ड होस्टिंगवर बऱ्याचदा मिळतच नाही, आधी विचारून घ्या.

तपासायचं असं. क्रोममध्ये एफ१२, नेटवर्क, सगळ्यात वरची ओळ. लाइटस्पीड असेल तर पान दुसऱ्यांदा उघडल्यावर हेडरमध्ये 'हिट' दिसायला हवं, म्हणजे पान साठ्यातून आलं. मग एका फोनवर कार्टमध्ये तांब्या टाका आणि दुसऱ्या फोनवर इन्कॉग्निटोत कार्ट उघडा. ते रिकामं हवं. शेवटी एखाद्या घंगाळाचा भाव दहा रुपयांनी बदला आणि लॉगिन न करता त्याचं पान, 'पितळ'ची यादी आणि मुखपृष्ठ, तिन्ही बघा. घंगाळाचं पान बहुधा लगेच बदलेल. यादी किंवा मुखपृष्ठ जुनाच भाव सांगत असेल, तर प्लगइनमध्ये वस्तू बदलली की तीही पुसायची खूण करा. तांब्याचा भाव दिवाळीपर्यंत तुम्ही दोन-तीनदा तरी बदलालच.