सार्वभौम सत्ता वाटता येते का?

प्रश्न : राज्यशास्त्राच्या पुस्तकांत न्याय, स्वातंत्र्य यांवर पानेच्या पाने असतात; संघराज्याला मात्र शेवटचे एखादे प्रकरण. असे का?

उत्तर : दोष माझ्याही पदरात घाला. शिकवत होतो तेव्हा मीही संघराज्य सत्राच्या शेवटच्या आठवड्यात उरकायचो. पण मूळ गाठ ज्याँ बोदँ या फ्रेंच विचारवंताने मारून ठेवलेली आहे. सार्वभौम सत्ता, म्हणजे जिच्यावर दुसरी कोणतीही सत्ता नाही ती, अविभाज्य असते, असे त्याने १५७६ मध्ये मांडले. ते मान्य केले की दोन पातळ्यांवरची सरकारे ही केवळ कारभाराची सोय ठरते. तत्त्वज्ञाने तिच्याकडे कशाला बघावे?

अल्थुसिउस या जर्मन विचारवंताने १६०३ मध्ये उलटे टोक धरले : कुटुंब, व्यवसायसंघ, नगर, प्रांत अशा जोडणीतून राज्य उभे राहते, आणि सार्वभौमत्व त्या संघटित जनतेचे. मला तो बोदँपेक्षा जवळचा वाटतो. वाचायला मात्र महाकंटाळवाणा! नंतर १७८८ मध्ये अमेरिकी राज्यघटनेचा एक शिल्पकार मॅडिसन याने लिहिले, की केंद्र आणि राज्ये ही दोन्ही जनतेचीच मुखत्यार. म्हणजे वाटले जातात ते अधिकार, मालकी नव्हे. गाठ इथे बरीच सैल होते.

तरी एक प्रश्न उरतोच : ‘जनता’ कोणती, सगळ्यांची मिळून एक की प्रत्येक राज्याची वेगळी? त्यावर माझे मत अजून दर वर्षी बदलते.