तिकडचा पगार, इकडचे रुपये

‘मॅडम, आम्ही इथेच राहून चूक केली का?’ पस्तिशी-चाळिशीतले बरेच जण हल्ली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

पुण्यातला हा इंजिनीअर (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पत्नीसोबत आला होता. कॉलेजातला मित्र म्युनिकला. त्याच्या पगाराला युरोच्या भावाने गुणायचं, हा याचा रोजचा उद्योग. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या अहवालातला मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून लावलेली देशांची क्रमवारी) तोंडपाठ: १९३ देशांत जर्मनी पाचवा, भारत १३०वा. ‘आता बोला,’ म्हणाला.

पगाराचं गणित लवकर निपटलं. जर्मनीत एकट्या नोकरदाराच्या पगारातून कर आणि विमा-पेन्शनचे हप्ते मिळून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जातात. उरलेल्यातून भाडं द्यायचं तेही म्युनिकचं, हडपसरचं नव्हे. क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या पैशात तिथे प्रत्यक्षात काय घेता येतं याच्या, हिशेबाने दरी बरीच कमी होते. मिटत मात्र नाही, आणि ‘आपला देशच बरा’ असली समजूत मी घालत नाही. वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा तिथे कायद्याने मिळते. धड चालता येईल असा फुटपाथ पुण्यात कितीही पगार असला तरी विकत घेता येत नाही.

मग मी दोघांना एकेक कागद दिला. २०१८पासून फिनलंडला पहिला नंबर देणारा जागतिक आनंद अहवाल मुख्यतः एका प्रश्नावर उभा आहे: शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, सगळ्यात वर तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तम आयुष्य, तर आज तुम्ही कुठल्या पायरीवर? दुसऱ्या देशाचं नावही त्यात नाही.

त्याने चार लिहिले, तिने सात. तो चमकलाच.

एक पायरी वर जायला काय लागेल, यावर त्याने पानभर लिहिलं. हिंजवडीचं जाणं-येणं, रात्रीचे कॉल, मुलगी झोपल्यावर घरी पोचणं. खाली एक ओळ: ‘२०१४ची ऑफर.’ लग्नाआधी म्युनिकहूनच बोलावणं आलं होतं. त्याच महिन्यात वडिलांची बायपास झाली, घरात कुणी थांब म्हटलं नाही, हा आपणहून थांबला. पत्नीला हे त्या कागदावरूनच पहिल्यांदा कळलं. पुढची सत्रं जर्मनीवर नाही, या एका ओळीवर झाली. माझ्या अनुभवात देशांची तुलना थांबतच नसेल तर खाली बहुधा असा एखादा न बोललेला निर्णय असतो.

जायचं की नाही, अजून ठरलेलं नाही. त्याने ऑफिसात टीम बदलून मागितली आहे आणि जर्मनचा क्लासही लावलाय. मित्राला विचारायचे प्रश्न दोघांनी मिळून काढले. पाळणाघरात जागा मिळायला किती थांबावं लागतं, हा तिचा. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, मग मध्येच कुणी आजारी पडलं तर काय करतोस, हा त्याचा.