परड्यातलं झाड रातांब्याचं वाटतंय, तोडायची घाई करू नका

लांज्याजवळ जुनं घर घेतलंत, मागे परड्यात उंच झाड आहे, खाली रुंद वर निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या, नवी पालवी लालसर, थंडीत बारीक फुलं येतात पण फळ एकही नाही आणि शेजारी म्हणतात वांझ आहे तोडून टाका, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते हे रातांब्याचं म्हणजे कोकमाचं झाड आहे आणि ते वांझ नाही, नर आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बी पडून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते फूल आल्याशिवाय कळत नाही, म्हणजे सात-आठ वर्षं वाट बघायची.

आधी खात्री करून घ्या. पानं समोरासमोर जोडीने आहेत का बघा, एक पान देठापासून तोडा, पिवळसर चीक यायला हवा (डोळ्याला लागू देऊ नका). मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फुलं हातात घेऊन बघा. नराची फुलं पानाच्या बगलेत झुपक्याने येतात आणि मधे नुसते पिवळे पुंकेसर गच्च. मादीचं फूल बहुतेक एकटंदुकटं, मधे हिरवी गोल गाठ दिसते, तोच पुढे रातांबा होतो.

नर निघाला तरी ठेवा प्लीज. मादीला फळ धरायला नराचे पराग लागतात, म्हणून कलमांची बाग लावतानासुद्धा दहा टक्के नर मुद्दाम लावतात, आणि तुमच्याकडे तर तो आयता मोठा झालेला आहे! काळजी म्हणाल तर या झाडाचे फार लाड लागत नाहीत, पावसाळ्यात बुंध्यापासून थोडं लांब आळं करून शेणखत घाला, वाळकी फांदी काढा, पडलेला पाला झाडून जाळू नका, तिथेच बुंध्याभोवती राहू दे.

आणि जूनमध्ये जवळच मादीची एकदोन कलमं लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती चांगल्या, चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि सावली मात्र द्यायलाच हवी. कलम घेताना काडी (रोपावर जोडलेला फांदीचा तुकडा) सरळ वर वाढणाऱ्या फांदीची आहे ना ते नर्सरीत विचारून घ्या, आडव्या फांदीची असेल तर ते झाड आडवंच पसरत जातं, उंच होत नाही.